गोयऱ्याच्या नावावरचं विष

जयपूरच्या आसपासच्या गावांत आणि शहराच्या कडेला वाढलेल्या वस्त्यांत एका प्राण्याची दहशत नागापेक्षाही मोठी आहे. त्याचं नाव गोयरा. हातभर लांब, अंगावर काळपट-पिवळे पट्टे आणि ठिपके, चाबकासारखी शेपटी आणि सापासारखी दुभंगलेली जीभ सतत आतबाहेर. 'गोयरे का काटा पानी नहीं माँगता' असं तिथली जाणती माणसं पूर्ण गांभीर्यानं सांगतात. साप चावला तर निदान दवाखाना गाठता येईल, गोयरा चावला तर तेवढाही अवधी मिळत नाही, असा ठाम समज आहे. त्यामुळे पावसाळ्यात तो अंगणात, गोठ्यात किंवा मोरीच्या तोंडाशी दिसला की बायकामुलांना आत घेतलं जातं आणि काठ्या बाहेर पडतात.

हा गोयरा म्हणजे घोरपडीचं पिल्लू. व्हॅरॅनस बेंगालेन्सिस, तीच घोरपड जी आपल्याकडे सह्याद्रीत, विदर्भात, कोकणातल्या बागांत आणि पुण्याच्या टेकड्यांवर असते. राजस्थानातल्या लोकांना मोठी घोरपडही ठाऊक असते. तिला ते गोह किंवा पाटागोह म्हणतात. ती दिसली तर माणसं दचकतात, पण तिची गोयऱ्याइतकी धास्ती नसते. लहान, भडक रंगाचा तो गोयरा, विषारी. मोठी, मळकट रंगाची ती गोह, बिनविषारी. एकाच प्राण्याचं बालपण आणि प्रौढपण यांचे दोन वेगळे प्राणी झाले आहेत, आणि त्यातल्या बालपणाच्या वाट्याला सगळं विष आलं आहे.

घोरपडीत वयाबरोबर रंग इतका बदलतो की हा गैरसमज व्हावा यात नवल नाही. पिल्लाच्या मानेवर, गळ्यावर आणि पाठीवर गडद आडवे पट्टे असतात, त्यांत फिकट ठिपक्यांच्या ओळी असतात, पोटाकडचा भाग पांढुरका-पिवळा असतो. वय वाढेल तसे हे पट्टे विरत जातात आणि अंगाला मातीचा, वाळल्या पाचोळ्याचा रंग येतो. थोराड नर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पावणेदोन मीटर भरतो, वजन सात किलोच्या घरात जातं. त्याच्याकडे बघून हातभर पट्टेरी पिल्लाची आठवण होत नाही. पिल्लू मोठं होताना कुणी पाहिलेलं नसतं, कारण पिल्लं मोठ्यांबरोबर हिंडत नाहीत. मादी पावसाळ्यात जमिनीत खड्डा करून, पुष्कळदा वारुळात, वीसेक अंडी घालते, माती लोटून तोंड बुजवते आणि निघून जाते. पाच ते आठ महिन्यांनी पिल्लं आपली आपण बाहेर येतात. त्यांना वळण लावणारं कुणी नसतं आणि त्यांना खाणारे पुष्कळ असतात: मुंगूस, शिक्रा, साप, कुत्री, आणि मोठ्या घोरपडीसुद्धा.

जयपूरजवळच्या नाहरगडाच्या उतारावर, ढासळलेल्या दगडी बांधाच्या फटीतून डोकं बाहेर काढून बसलेलं असं एक पिल्लू मी बराच वेळ पाहिलं आहे. उन्हं नुकतीच वर आली होती. पहिल्यांदा फक्त डोकं आणि मान उन्हात, धड अजून फटीत. डोळ्यांची पापणी अधूनमधून मिटायची. सापाला पापणी नसते, त्यामुळे एवढी एक गोष्ट नीट पाहिली तरी समोरचा प्राणी साप नाही हे कळतं. डोळ्याच्या मागे कानाचं भोक स्पष्ट दिसत होतं. सापाला तेही नसतं. अंग तापल्यावर पिल्लू बाहेर आलं आणि जमिनीला जीभ लावत, मान डावी-उजवीकडे हलवत पुढे निघालं. एका जागी थांबलं, परत मागे फिरलं, तिथेच जीभ दोन-तीनदा टेकवली आणि पुढच्या नखांनी माती उकरायला लागलं. मातीतून एक भुंगेरा बाहेर आला. तो जबड्यात आडवा धरून, डोकं झटकून, कडकड फोडून त्यानं गिळला. माझी सावली हलली तशी गळ्याखालची कातडी फुगली, अंग चपटं झालं, तोंडातून फुस्स असा लांब आवाज आला. तो आवाज ऐकून कुणाचाही हात काठीकडे जाईल. पण पुढच्याच क्षणी ते फटीत दिसेनासं झालं होतं.

जी जीभ पाहून माणसं घाबरतात ती नाकाचं काम करते. तिची दोन टोकं हवेतले आणि जमिनीवरचे गंधाचे कण उचलतात आणि टाळूच्या आत असलेल्या जेकबसनच्या इंद्रियापर्यंत पोचवतात. टोकं दोन असल्यामुळे गंध डावीकडे जास्त की उजवीकडे, हे तिथल्या तिथे कळतं आणि भक्ष्याचा माग काढता येतो. सापाच्या जिभेचीही हीच रचना आहे, हेच काम आहे. या जिभेला ना काटा असतो ना विषाशी काही संबंध. सापाच्या जिभेबद्दल आपल्याकडेही हा गैरसमज आहेच. साप 'जिभेनं डसतो' असं म्हणणारी माणसं शहरातही भेटतात.

घोरपडीच्या अंगातली खरी नवलाची गोष्ट तिच्या श्वासात आहे. बहुतेक सरड्यांना पळणं आणि श्वास घेणं एकाच वेळी नीट जमत नाही. धावताना शरीर डावी-उजवीकडे वळतं, त्यासाठी जे स्नायू लागतात तेच छाती फुगवायलाही लागतात. म्हणून सरडा थोडं पळतो, थांबतो, परत पळतो. घोरपडीच्या कुळानं यावर तोड काढली आहे. गळ्याखालची जी कातडी फुगलेली दिसते, तो हवेचा पंप आहे. पळता पळता गळ्यानं हवा ढकलून ती फुफ्फुसं भरत राहते. १९९९ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे प्रयोगानिशी दाखवलं गेलं. पुढे २०१४ साली आफ्रिकेतल्या एका घोरपडीच्या फुफ्फुसात हवा पक्ष्यांप्रमाणे बरीचशी एकाच दिशेनं वाहते असंही सिद्ध झालं. घोरपडीच्या हृदयातही फुफ्फुसांकडे जाणाऱ्या आणि शरीराकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब बराचसा वेगळा राखला जातो. थोडक्यात, पाठलाग करण्याचा दम असलेला हा सरड्यांमधला प्राणी आहे. दिवसभर हिंडायचं, उकरायचं, भुंगेरे, नाकतोडे, गोगलगाई, विंचू, बेडूक, उंदीर, अंडी, मेलेलं जनावर, जे मिळेल ते खायचं. धोका दिसला तर पळायचं, झाडावर चढायचं, बिळात घुसायचं. ते जमलं नाही तर शेपटीचा तडाखा द्यायचा. चावणं हा शेवटचा उपाय. चावली तर दात धारदार असल्यामुळे जखम होते, रक्त येतं आणि नीट धुतली नाही तर ती चिघळते.

जयपूर हे थरच्या वाळवंटाच्या उंबऱ्यावरचं शहर. अरवलीच्या रांगा ओलांडून पश्चिमेला गेलं की खऱ्या अर्थानं वाळवंटातली घोरपड भेटते, व्हॅरॅनस ग्रिसियस. ती फिकट वाळूच्या रंगाची असते, नाकपुड्या फटीसारख्या तिरक्या आणि डोळ्यांच्या जवळ असतात, त्यामुळे वाळूत तोंड खुपसूनही नाकात वाळू जात नाही. हिवाळ्यात ती बिळात पडून राहते आणि तापलेल्या दिवसांत सकाळ-संध्याकाळी दूरवर भटकते. उत्तर आफ्रिकेपासून मध्य आशियापर्यंत पसरलेल्या या जातीची एक उपजात आपल्याकडे आणि पाकिस्तानात आहे.

याच प्रदेशात रात्री फिरणारी एक जाड शेपटीची, ठिपक्याठिपक्यांची पाल आहे. युब्लेफॅरिस ही तिची प्रजाती. बाकीच्या पालींना नसतात अशा हलणाऱ्या पापण्या तिला असतात, आणि भिंतीवर चढणारी चिकट बोटं नसतात. ती जमिनीवर, दगडांखाली राहते, शेपटीत चरबी साठवते. तिलाही कित्येक ठिकाणी प्राणघातक मानून मारतात. महाराष्ट्रात आणि गुजरातेत तिची एक जात आढळते, आणि सातपुड्यातून २०१४ साली आणखी एक नवी जात जगासमोर आली. या पालींच्या जबड्यात विषाचा लवलेशही नाही. आपल्याकडची सापसुरळीसुद्धा याच गैरसमजाची बळी आहे. सरडा चकचकीत असला, पट्ट्यांचा असला किंवा अचानक समोर आला, की त्याला विष चिकटवायचं, ही सवय राजस्थानपुरती नाही.

मग जगात विषारी सरडे नाहीतच का? आहेत, आणि त्यांतला सर्वांत प्रसिद्ध सरडा वाळवंटातलाच आहे. मात्र तो जयपूरपासून अर्ध्या पृथ्वीपलीकडे, अमेरिकेच्या नैऋत्य भागात आणि मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटात राहतो. हीला मॉन्स्टर, हेलोडर्मा सस्पेक्टम. एडवर्ड कोप यांनी १८६९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. लांबी दीड-पावणेदोन फूट, अंगावर मण्यांसारखे गोल खवले, काळ्या रंगावर गुलाबी किंवा नारिंगी नक्षी. विषग्रंथी खालच्या जबड्यात असतात. सापाच्या दातासारखी पोकळ सुई इथे नाही. दातांना खोबणी असते आणि विष त्या खोबणीतून हळूहळू जखमेत झिरपतं. म्हणून हा सरडा चावून सोडत नाही, धरून ठेवतो आणि चघळत राहतो. चावलेल्या माणसाला भयंकर वेदना होतात, सूज येते, मळमळतं, रक्तदाब घसरतो. या विषावर उतारा नाही, तरीही माणूस दगावणं अतिशय दुर्मीळ. २०२४ च्या फेब्रुवारीत कोलोरॅडो राज्यात घरी पाळलेल्या हीला मॉन्स्टरच्या चाव्यानंतर एक जण मरण पावला, तेव्हा त्याची जगभर बातमी झाली, कारण तसं कित्येक दशकांत घडलं नव्हतं.

हीला मॉन्स्टर आणि घोरपड शेजारी ठेवून पाहिले की विष कुणाला लागतं हे लक्षात येतं. हीला मॉन्स्टर संथ आहे. वर्षाचा बहुतेक काळ तो बिळात काढतो. पक्ष्यांची अंडी, कासवाची अंडी, सशाची किंवा उंदरांची घरट्यातली पिल्लं असं पळू न शकणारं अन्न त्याला चालतं, आणि मिळालं की तो एका वेळी स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत खातो. पिल्लं तर याहून जास्त खातात. उरलेली चरबी शेपटीत जाते. दुष्काळात मूत्राशयातलं पाणीही तो शरीराला परत वापरतो. वर्षातल्या मोजक्या जेवणांवर त्याचं भागतं. अशा प्राण्याला भक्ष्य मारायला विषाची फारशी गरज नाही. अंडं काही प्रतिकार करत नाही. त्याला विष लागतं ते पळून जाता येत नाही म्हणून, कोल्ह्या-कुत्र्याच्या तोंडी लागल्यावर सुटण्यासाठी. म्हणूनच त्या विषाची पहिली ओळख असह्य वेदना ही आहे. घोरपडीनं उलट वाट धरली. तिनं वेग आणि दम कमावला.

हीला मॉन्स्टरच्या या लाळेचे उपकार माणसांवर आहेत, आणि तेही थोडेथोडके नाहीत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. जॉन एंग यांनी १९९२ साली त्या विषातून एक्सेंडिन-४ नावाचं एक लहान प्रथिन वेगळं केलं. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक निघतं आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं. पण रक्तातलं एक विकर त्याला दोनेक मिनिटांत तोडून टाकतं, त्यामुळे त्याचं औषध करणं जमत नव्हतं. एक्सेंडिन-४ ची रचना या संप्रेरकाशी निम्म्याहून थोडी अधिक जुळते, ते काम तेच करतं, आणि त्या विकरानं पटकन तुटत नाही. त्यावरून तयार झालेल्या एक्सेनाटाइड या मधुमेहावरच्या इंजेक्शनाला अमेरिकेत एप्रिल २००५ मध्ये परवानगी मिळाली. आज ज्या सेमाग्लुटाइडची एवढी चर्चा आहे ते माणसाच्याच संप्रेरकावर बेतलेलं आहे, सरड्याच्या नव्हे. पण या वाटेनं औषध होऊ शकतं हे पहिल्यांदा बाजारात सिद्ध केलं ते या सरड्यानं. ज्या आपल्या देशात २०२३ च्या पाहणीनुसार दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, तिथे ही गोष्ट दूरच्या वाळवंटातली राहत नाही.

आता घोरपडीकडे परत येताना एक गुंता सोडवायला हवा, कारण 'घोरपडीत विष नसतं' एवढं सपाट वाक्य आज शास्त्रज्ञ सहसा लिहिणार नाहीत. २००५ च्या अखेरीस 'नेचर'मध्ये ब्रायन फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. साप, हेलोडर्मा, इग्वाना आणि घोरपडी यांचा पूर्वज एकच आणि विषाची मूळ सामग्री त्या पूर्वजाकडेच होती, असं त्यात मांडलं होतं. २००९ मध्ये त्यांनी कोमोडो ड्रॅगन या जगातल्या सर्वांत मोठ्या घोरपडीच्या जबड्यातल्या ग्रंथी स्कॅन करून दाखवल्या. त्याआधी कोमोडोचा चावा त्याच्या तोंडातल्या जिवाणूंमुळे जीवघेणा असतो असं मानलं जाई. तो कयास वॉल्टर ऑफेनबर्ग यांचा, आणि हे तेच ऑफेनबर्ग ज्यांनी पुढे १९९४ साली आपल्या घोरपडीवरचा सर्वांत सविस्तर ग्रंथ लिहिला. आता घोरपडींच्या ग्रंथींतल्या स्रावात रक्त गोठण्यात अडथळा आणणारे घटक असतात हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. वाळवंटी घोरपडीच्या चाव्यानंतर वेदना, स्नायूंचा अशक्तपणा, गरगरणं अशी लक्षणं दिसल्याच्याही नोंदी आहेत. मात्र या स्रावाला विष म्हणायचं की नुसती लाळ, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. काहींच्या मते तेच पदार्थ शरीराच्या इतर भागांतही सापडतात, त्यामुळे त्यांना विष म्हणणं घाईचं आहे.

हा वाद महत्त्वाचा आहे, पण त्यातून गोयरा प्राणघातक ठरत नाही. एखाद्या स्रावानं परीक्षानळीत रक्त गोठायला वेळ लागणं वेगळं आणि त्या चाव्यानं माणूस दगावणं वेगळं. घोरपडीला विष टोचणारे दात नाहीत, खोबणीही नाहीत. भारतभर घोरपडी पकडणारे, हाताळणारे लोक आहेत, त्यांना त्या चावतातही. ती माणसं जखम धुतात, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतात आणि कामाला लागतात. २०१४ साली हिमाचल प्रदेशातल्या डॉक्टरांनी मात्र एक प्रकरण नोंदवलं, ज्यात घोरपडीच्या चाव्यानंतर मूत्रपिंडं निकामी झाल्याचं म्हटलं होतं. त्यावर सर्पविषाच्या जाणकारांनी शंका घेतली, कारण रक्त न गोठणं आणि मूत्रपिंडं बंद पडणं ही घोणशीच्या दंशाची नेहमीची लक्षणं आहेत.

मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. जयपूरच्या ग्रामीण भागात पावसाळ्याच्या रात्री कुणाला तरी काही तरी चावतं. मण्यार झोपलेल्या माणसाला चावते तेव्हा दंशाची खूण दिसतही नाही, दुखतही नाही. फुरसं जेमतेम हातभर असतं, चावून दगडाखाली नाहीसं होतं. अंधारात साप दिसत नाही. मग दिवा येतो, शोधाशोध होते, आणि उजेडात भिंतीच्या फटीत सापडतो तो गोयरा, कारण तो तिथेच राहणारा आहे. माणूस गेला तर गोयऱ्यानं नेला असं गावभर होतं. ज्या सापानं दंश केला त्याचं नाव त्या गोष्टीत येतच नाही.

उलट दिशेनंही हा समज पोसला जातो. गोयरा खरोखर कुणाला चावला तर त्या माणसाला तेजाजी किंवा गोगाजीच्या ठाण्यावर नेतात. राजस्थानात या दोन्ही लोकदेवतांना सर्पदंशापासून रक्षण करणारे मानतात आणि त्यांच्यावरची श्रद्धा खोल आहे. तिथे धागा बांधला जातो, झाडफूक होते आणि माणूस बरा होतो. तो बरा होणारच होता. पण आता गावाच्या दृष्टीनं पाणीही न मागू देणारं विष उतरलेलं असतं. असं दोन-तीनदा घडलं की पुढच्या वेळी मण्यार चावलेल्या माणसालाही आधी ठाण्यावरच नेलं जातं, आणि श्वासाचे स्नायू लुळे पडायला लागतात तोवर तास निघून गेलेले असतात. ज्याच्या चाव्यानं माणूस मरत नाही अशा प्राण्याला प्राणघातक ठरवण्याची ही किंमत माणूस मोजतो. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं मेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे, आणि जास्त मृत्यू होणाऱ्या राज्यांत राजस्थान आहे.

घोरपडीची किंमत वेगळी. गोयरा म्हणून तिचं पिल्लू मरतं आणि पिल्लूपणातून वाचली तर मोठी घोरपड दुसऱ्या श्रद्धांच्या तावडीत सापडते. 'हाथा जोड़ी' या नावानं, शेंदूर लावून, दुर्मीळ वनस्पतीची मुळी म्हणून जे विकलं जातं ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. २०१७ साली वन्यजीव संस्थांनी हा व्यापार उघडकीला आणला, तेव्हा ती ऑनलाइनही सर्रास मिळत होती. तिची खरेदी करणाऱ्या भाबड्या माणसाला आपण देव्हाऱ्यात काय ठेवलं आहे याची कल्पनाही नसते. महाराष्ट्रात मांसासाठी आणि सांधेदुखीवरच्या तेलासाठी घोरपड मारतात. गोव्याच्या घुमटाला पूर्वी घोरपडीचंच कातडं लागे. आता बकऱ्याचं कातडं वापरतात आणि घुमट तितक्याच दिमाखात वाजतो. थरमधला शाकाहारी, गरीब सांडा हा सरडा तर 'सांडे का तेल' या एका खुळापायी जिवंतपणी कंबर मोडून पोत्यात भरला जातो. त्या तेलात साध्या चरबीपलीकडे काही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं भारतातल्या चारही जातींच्या घोरपडींना पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीत ठेवलं आहे. तिला मारलं किंवा तिचा अवयव बाळगला तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते.

मराठी माणसाचं घोरपडीशी नातं वेगळं असायला हवं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जयपूरजवळच्या आमेरच्या मिर्झाराजा जयसिंगांनी कोंढाणा शिवाजी महाराजांकडून मोगलांसाठी घेतला आणि ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी तो परत मिळवला. त्या चढाईतल्या यशवंती घोरपडीची कथा शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून घराघरांत गेली. पोवाड्याबाहेर तिला भक्कम आधार सापडत नाही, पण आपल्या लोकस्मृतीत घोरपड स्वराज्याच्या बाजूनं उभी आहे, एवढं खरं. ज्या आमेरच्या राजानं तो गड घेतला, त्याच आमेरच्या तटांच्या फटींत आज तिची पिल्लं काठीच्या भीतीनं लपून राहतात.

ती घरात शिरली तर दार उघडं ठेवून बाजूला व्हावं. वाट मिळाली की ती स्वतःच निघून जाते. कोपऱ्यात अडकली असेल तर वन विभागाला किंवा सर्पमित्राला बोलवावं. आणि अंधारात काहीही चावलं, मग ते गोयरा आहे असं सगळं गाव म्हणो, तरी चावलेला हात किंवा पाय न हलवता थेट दवाखाना गाठावा. आवळून दोरी बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये. चावलेला प्राणी मारून बरोबर न्यायची गरज नसते. जयपूरचं सवाई मानसिंह रुग्णालय असो की तालुक्याचं सरकारी केंद्र, तिथे रुग्णाचं दोनेक मिलिलिटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. मग नळी तिरकी करून पाहतात. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात आहे असं धरून उतारा सुरू होतो. ते गोठलं असेल तरी रुग्णाला लगेच घरी पाठवत नाहीत. मण्यारीच्या आणि नागाच्या विषासाठी पापण्या, गिळणं आणि श्वास यांवर तासन्‌तास लक्ष ठेवतात आणि रक्ताची चाचणी पुन्हा करतात. आपल्याकडचा उतारा नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषांवर मिळून एकच बनवलेला असतो, त्यामुळे कोणता साप चावला हे सांगता आलं नाही म्हणून उपचार अडत नाहीत.